वित्तशास्त्राचे प्राध्यापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार आणि सामाजिक समतेच्या लढ्याचे नेते म्हणून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव देशभर आदराने घेतले जाते. मात्र राजकारणात आणि वकिलीत येण्यापूर्वी ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि सार्वजनिक वित्तव्यवस्था हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता, ही गोष्ट तुलनेने कमी सांगितली जाते. मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात त्यांनी नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० असे जेमतेम सोळा महिने अध्यापन केले. हा काळ अल्प असला, तरी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अभ्यासाने भारताच्या चलनविषयक आणि करविषयक विचारात मोलाची भर घातली. सरकारी पैसा कोण गोळा करतो, कोण खर्च करतो आणि त्याचा जाब कोणाला द्यावा लागतो, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थिदशेत हाती घेतला आणि राज्यघटनेच्या मसुद्यापर्यंत तो सोडला नाही. हा अभ्यास पूर्ण करण्यासाठी त्यांना स्वतःला मात्र पैशाच्या अडचणीशी आणि जातीच्या भिंतीशी सतत झगडावे लागले.

शिष्यवृत्तीच्या आधारावर शिक्षण

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या गावचे. सातारा येथे प्राथमिक शिक्षण झाल्यानंतर कुटुंब मुंबईत आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये दाखल झाले. १९०७ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने एवढी मजल मारणे ही त्या काळी असाधारण बाब होती. त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

पुढील शिक्षणाचा खर्च पेलणे वडिलांना शक्य नव्हते. केळुसकर गुरुजींच्या प्रयत्नांमुळे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्या आधारावर एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन भीमराव बी. ए. झाले. त्यानंतर ते बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले; परंतु काही दिवसांतच वडिलांच्या आजाराची वार्ता आल्याने त्यांना परतावे लागले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सकपाळ यांचे निधन झाले.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही निवडक विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवण्याचा निर्णय घेतला. आंबेडकर यांना तीन वर्षांसाठी शिष्यवृत्ती मिळाली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करावी, असा करार त्यांनी करून दिला आणि जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठातील तीन वर्षे

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे तब्बल २९ अभ्यासक्रम पूर्ण केले. त्याशिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनी निवडले. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, इतिहासकार जेम्स शॉटवेल आणि अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन अशा नामवंत अध्यापकांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. करांचा बोजा प्रत्यक्षात कोणावर पडतो, या विषयावरील सेलिग्मन यांचे संशोधन जगभर मान्यता पावलेले होते. आंबेडकर यांच्या अभ्यासाची दिशा ठरवण्यात सेलिग्मन यांचा वाटा मोठा आहे.

१९१५ मध्ये एम. ए. पदवीसाठी आंबेडकर यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था या विषयावर प्रबंध लिहिला. कंपनीच्या राजवटीत महसूल कसा गोळा झाला, त्यातील किती भाग युद्धांवर आणि कर्जावर खर्च झाला आणि लोकोपयोगी कामांना किती मिळाला, याचा हिशेब त्यांनी आकडेवारीसह मांडला. पुढील वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटपाचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक अभ्यास त्यांनी विद्यापीठाला सादर केला. पीएच. डी.च्या संशोधनाचा पाया याच लेखनाने घातला. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. समाजशास्त्रीय आणि आर्थिक अशा दोन्ही अंगांनी त्यांचा विचार एकाच वेळी घडत होता, असे या काळातील लेखनावरून दिसते.

बडोद्यातील अनुभव

१९१६ मध्ये आंबेडकर लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी त्यांनी प्रवेश घेतला. तथापि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना अभ्यास अर्धवट सोडून मायदेशी परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाने त्यांना दिली होती. पहिले महायुद्ध सुरू असताना त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज बुडाले आणि परिश्रमपूर्वक जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले.

करारानुसार ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला गेले. संस्थानाच्या कारभाराचा अनुभव मिळाल्यावर त्यांच्याकडे अर्थखात्याची जबाबदारी सोपवावी, असा महाराजांचा मानस होता. प्रत्यक्षात कार्यालयातील कनिष्ठ कर्मचारी त्यांच्याकडे कागदपत्रे लांबूनच टाकत. पाणीही त्यांना सहजपणे मिळत नसे. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी वसतिगृहात ते नाव बदलून राहिले. खरी ओळख उघड होताच लाठ्या घेतलेला जमाव तेथे आला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. दोन खंडांतील नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या या तरुणाला बडोद्यातील सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून पुढचा विचार करावा लागला. ते मुंबईला परतले आणि संस्थानाची सेवा तेथेच संपली.

मुंबईत उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. त्यांनी खासगी शिकवण्या घेतल्या. शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना गुंतवणुकीविषयी सल्ला देणारी एक लहानशी पेढीही त्यांनी काढली. सल्लागाराची जात समजल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि ती बंद करावी लागली. या हलाखीच्या दिवसांतही त्यांचे लेखन थांबले नाही. १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावरचा त्यांचा निबंध इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेतीचे तुकडे एकत्र केल्याने प्रश्न सुटेल, असा तेव्हाचा प्रचलित विचार होता. आंबेडकर यांनी वेगळी बाजू मांडली. जमीन लहान की मोठी हे तिच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर तिच्यावर राबणारे हात आणि लावलेले भांडवल यांच्या प्रमाणावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अवलंबून असल्याने त्यांना सामावून घेणारे उद्योग उभे राहिले पाहिजेत, हा त्यांचा निष्कर्ष होता.

सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक

१९१३ मध्ये स्थापन झालेले सिडनहॅम महाविद्यालय हे वाणिज्य शिक्षण देणारे आशियातील पहिले महाविद्यालय मानले जाते. तेथे राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर यांची नेमणूक झाली. वेतन दरमहा ४५० रुपये होते. त्या काळी ही रक्कम चांगलीच मोठी होती.

अस्पृश्य समाजातील प्राध्यापक आपल्याला काय शिकवणार, अशी शंका सुरुवातीला काही विद्यार्थ्यांच्या मनात होती. आंबेडकर यांनी तिला व्याख्यानांतूनच उत्तर दिले. ते प्रत्येक तासाची बारकाईने तयारी करीत. विषयाची मांडणी मुद्देसूद असे आणि पाठ्यपुस्तकाबाहेरचे संदर्भ ते सहज देत. थोड्याच दिवसांत वर्गात शांतता नांदू लागली. त्यांची कीर्ती पसरली, तसे अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले.

विद्यार्थ्यांनी त्यांना स्वीकारले, तरी सहकाऱ्यांपैकी काहींची वृत्ती बदलली नाही. अध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून आंबेडकर यांनी पाणी घेण्यास काही प्राध्यापकांनी हरकत घेतली. ज्यांच्या वर्गात बसण्यासाठी बाहेरचे विद्यार्थी येत होते, त्या प्राध्यापकाला अध्यापकांच्या खोलीत पाण्यासाठी अपमान सोसावा लागत होता. सात वर्षांनी महाडच्या चवदार तळ्यावर झालेल्या सत्याग्रहाची पार्श्वभूमी समजून घेताना हा प्रसंगही ध्यानात घ्यावा लागतो.

चांगले वेतन असूनही आंबेडकर परळच्या चाळीतच राहिले. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम ते पत्नी रमाबाई यांच्या हाती देत आणि उरलेले पैसे बाजूला ठेवत. लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करणे, हा या बचतीचा एकमेव हेतू होता. प्राध्यापकपद ही त्यांच्या दृष्टीने पुढच्या अभ्यासाची शिदोरी होती. रमाबाईंनी काटकसरीने संसार चालवला, म्हणूनच ही शिदोरी जमू शकली.

याच काळात ते सार्वजनिक जीवनातही दिसू लागले. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी मताधिकारविषयक साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्या आर्थिक साहाय्याने 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झाले. सरकारी महाविद्यालयात नोकरीला असल्याने संपादक म्हणून आंबेडकर यांना आपले नाव देता आले नाही. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापले जाई. मार्च १९२० मध्ये त्यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातील पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर जुलै महिन्यात ते पुन्हा लंडनला निघाले.

रुपयाचा प्रश्न

लंडनमध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयांत दिवसचे दिवस काढले. जेवणावरचा खर्चही त्यांनी अगदी कमी केला होता. १९२१ मध्ये त्यांना एम. एस्सी. पदवी मिळाली. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी डी. एस्सी. पदवीसाठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध सादर केला. एडविन कॅनन हे त्यांचे मार्गदर्शक होते.

हा प्रश्न समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात भारताचा रुपया चांदीचा होता, तर ब्रिटनचे चलन सोन्यावर आधारलेले होते. १८७० च्या दशकापासून चांदीचा भाव घसरत गेला. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये दरवर्षी द्याव्या लागणाऱ्या रकमा सोन्याच्या चलनात असल्याने रुपयांतील बोजा वाढत गेला. १८९३ मध्ये सरकारने चांदी आणून रुपये पाडून घेण्याची सवलत बंद केली. त्यानंतर हळूहळू अशी पद्धत रूढ झाली, की देशात रुपया चालावा आणि परदेशी व्यवहारांसाठी त्याचा पौंडाशी असलेला दर सरकारने टिकवावा. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मधील आपल्या ग्रंथात या पद्धतीचे समर्थन केले होते.

आंबेडकर यांनी त्याविरुद्ध बाजू मांडली. या पद्धतीत किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहते. चलन प्रमाणाबाहेर वाढले की वस्तू महाग होतात आणि त्याचा सर्वाधिक फटका ठरावीक मजुरीवर जगणाऱ्या माणसाला बसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. परदेशी चलनाशी असलेल्या दरापेक्षा देशातील बाजारात रुपयाची खरेदीची शक्ती स्थिर राहणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटत होते. त्यासाठी नवे रुपये पाडण्याचा सरकारचा अधिकारही मर्यादित केला पाहिजे, असे त्यांनी सुचवले.

प्रबंधातील ब्रिटिश धोरणावरील टीका परीक्षकांना तीव्र वाटली. १९२३ च्या वसंत ऋतूत तो दुरुस्तीसाठी परत करण्यात आला. त्या वेळी आंबेडकर यांच्याजवळचे पैसे संपत आले होते आणि लंडनमध्ये राहणे त्यांना परवडणारे नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले आणि तेथूनच सुधारित प्रबंध पाठवला. मूळ निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी. एस्सी. पदवी मिळाली आणि वर्ष संपता संपता हा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्यांना सर्व मते मान्य नव्हती. तरीही मांडणीतील ताजेपणाची त्यांनी दखल घेतली.

प्रांतांचा पैसा आणि प्रांतांची जबाबदारी

कोलंबिया विद्यापीठासाठी केलेले संशोधन १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती या विषयावरील ग्रंथाच्या रूपाने प्रकाशित झाले. सेलिग्मन यांनी त्याची प्रस्तावना लिहिली आणि ग्रंथ सयाजीराव गायकवाड यांना अर्पण करण्यात आला. छापील प्रती सादर झाल्यावर १९२७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने आंबेडकर यांना रीतसर पीएच. डी. पदवी प्रदान केली.

१८३३ च्या कायद्याने संपूर्ण ब्रिटिश भारताची तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली, येथून या ग्रंथाचे विवेचन सुरू होते. प्रांतांनी खर्च करायचा आणि पैसा मात्र केंद्राने उभा करायचा, अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे प्रांतांना काटकसर करण्याचे कारण उरले नाही आणि केंद्राला स्थानिक गरजांची जाण राहिली नाही. १८७१ पासून बदल होत गेले. प्रथम प्रांतांना ठरावीक अनुदान मिळू लागले, १८७७ पासून काही महसुलाच्या बाबी त्यांच्याकडे सोपवण्यात आल्या आणि १८८२ पासून महसुलाची केंद्र व प्रांत यांच्यात वाटणी होऊ लागली. या तीन टप्प्यांची केलेली मांडणी हे या संशोधनाचे वैशिष्ट्य आहे. ज्यांच्याकडून कर घेतला जातो त्या जनतेला उत्तर देणारे सरकार असल्याखेरीज वित्तव्यवस्था खऱ्या अर्थाने सुधारत नाही, हे सूत्र त्यात आढळते.

आयोगापुढे साक्ष

भारताच्या चलनाचा विचार करण्यासाठी ब्रिटिश सरकारने हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. डिसेंबर १९२५ मध्ये आंबेडकर यांनी आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाचा दर सोळा पेन्स असावा की अठरा पेन्स, यावर तेव्हा देशभर वाद सुरू होता. दर खाली आणल्यास निर्यातदारांचा आणि कारखानदारांचा लाभ होतो, पण वस्तू महागल्याने मजुरांची खरी मिळकत घटते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. कोणत्याही चलनधोरणात कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा होतो, हे तपासण्याचा त्यांचा आग्रह होता.

या आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँक स्थापन करण्याची शिफारस केली. पुढे १९३४ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे कामकाज सुरू झाले. आंबेडकर यांच्या ग्रंथावरूनच ही बँक निर्माण झाली, असे अनेकदा सांगितले जाते. अनेक साक्षी, शिफारशी आणि दीर्घ चर्चा यांतून ही संस्था आकाराला आली, हे लक्षात घेता संपूर्ण श्रेय एका ग्रंथाला देणे उचित ठरणार नाही. मात्र चलननिर्मितीवर बंधन असावे, हा विचार भक्कम पुराव्यांसह मांडणाऱ्या भारतीय अभ्यासकांमध्ये आंबेडकर यांचे स्थान वरचे आहे, याविषयी दुमत नाही.

अध्यापन आणि आंदोलन

इंग्लंडहून परतल्यावर आंबेडकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. तरीही वर्गाशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात ते मुंबईतील बाटलीबॉय यांच्या लेखाशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. मार्च १९२७ मधील महाडचा सत्याग्रह याच काळातील आहे. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या तरुणांना कराराचे नियम समजावून सांगणारा अध्यापक आणि चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा नेता ही एकच व्यक्ती होती.

१९२७ मध्येच मुंबई विधान परिषदेचे नियुक्त सदस्य म्हणून त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केले. व्यापाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर माफ असतो, मात्र अगदी लहान शेतकऱ्यालाही, पीक बुडाले तरी, जमीन महसूल भरावा लागतो, ही विषमता त्यांनी दाखवून दिली. करांचा बोजा कोणावर पडतो, हा कोलंबियात शिकलेला प्रश्न येथे कायदेमंडळाच्या सभागृहात विचारला गेला.

पुढे त्यांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापन केले आणि जून १९३५ मध्ये तेथील प्राचार्यपदाची सूत्रे स्वीकारली. त्याआधी काही दिवसच, २७ मे रोजी, रमाबाईंचे निधन झाले होते. ज्यांच्या काटकसरीवर लंडनचे शिक्षण उभे राहिले, त्यांना हा मान पाहता आला नाही. सुमारे तीन वर्षे आंबेडकर यांनी हे पद सांभाळले.

१९४७ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाची नवी आवृत्ती भारतीय चलन व बँकव्यवहाराचा इतिहास, खंड पहिला, या नावाने निघाली. १९२३ नंतरच्या घडामोडींवर दुसरा खंड लिहिण्याचा त्यांचा विचार होता. सार्वजनिक कार्याच्या व्यापात तो खंड लिहून झाला नाही.

राज्यघटनेतील वित्तविचार

ऑगस्ट १९४७ मध्ये आंबेडकर राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. राज्यघटनेच्या २८० व्या अनुच्छेदानुसार दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो आणि केंद्राने गोळा केलेल्या करांत राज्यांना किती वाटा द्यावा, याची तो शिफारस करतो. अशा आयोगाची सूचना नलिनी रंजन सरकार यांच्या तज्ज्ञ समितीने केली होती. ती घटनेच्या भाषेत बांधण्याचे काम ज्या समितीकडे होते, तिचे नेतृत्व याच विषयाचा सखोल अभ्यास केलेल्या विद्वानाकडे होते. सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या पदाला तर आंबेडकर न्यायसंस्थेहूनही अधिक महत्त्व देत असत. संविधान सभेतील १९४९ च्या चर्चेत त्यांनी ही भूमिका स्पष्ट केली.

या व्यवस्थेचा अर्थ भिलाईच्या उदाहरणाने समजून घेता येईल. छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात भाताच्या शेतीच्या प्रदेशात भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्यासाठी फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. हा कारखाना पूर्ण झालेला पाहण्यास आंबेडकर हयात नव्हते आणि तो त्यांच्या निबंधामुळे उभा राहिला, असेही नाही. पण शेतीवरील माणसांचा भार हलका करण्यासाठी उद्योग हवेत, हा १९१८ मधील त्यांचा विचार अशाच प्रदेशांना लागू पडणारा होता. लोहखनिज, जमीन आणि कष्ट एका राज्याचे, कारखाना केंद्र सरकारचा आणि पोलादाचा वापर देशभर, अशी ही स्थिती आहे. पोलादावरील केंद्रीय उत्पादन शुल्क केंद्राच्या तिजोरीत जाई. जुलै २०१७ पासून त्याची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. अशा करांतील केंद्राच्या उत्पन्नाचा कोणता भाग राज्यांकडे परत यावा, हा प्रश्न प्रत्येक वित्त आयोगापुढे येतो. प्रांत आणि केंद्र यांच्यातील पैशाच्या वाटपाचा जो प्रश्न आंबेडकर यांनी विद्यार्थी म्हणून अभ्यासला, त्याचेच हे आजचे रूप आहे.

विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालये

शिक्षण घेताना आलेल्या अडचणी आंबेडकर विसरले नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सोयीचे व्हावे, म्हणून तेथील वर्ग सकाळी लवकर भरत. १९५० मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय उघडण्यात आले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालयाची भर पडली. ज्या विद्याशाखेत त्यांनी प्राध्यापक म्हणून सुरुवात केली, तिचे दार त्यांनी गिरणगावातील आणि खेड्यापाड्यांतील मुलांसाठी उघडले.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देऊन गौरवले. शिष्यवृत्तीवर आलेला विद्यार्थी ३९ वर्षांनी स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा शिल्पकार म्हणून त्या आवारात परतला होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

वेतन, बचत, शिष्यवृत्ती आणि कर्ज यांचा हिशेब मांडत ज्याने आपले शिक्षण पूर्ण केले, त्याने देशाचा हिशेब तपासताना नेहमी शेवटच्या माणसाच्या खात्यात काय जमा झाले, हे पाहिले. सिडनहॅममधील त्यांची प्राध्यापकी सोळा महिन्यांत संपली. तेथे शिकवलेला विषय मात्र कायदेमंडळात, चलन आयोगापुढे आणि संविधान सभेत त्यांच्यासोबत राहिला. दर पाच वर्षांनी वित्त आयोगाचा अहवाल येतो, तेव्हा त्यातील आकड्यांमागे असलेला हा जुना प्रश्न पुन्हा एकदा देशापुढे मांडला जातो.